पन्नास मिनिटं आधीचा चंद्र

उद्यापनाच्या दिवशी दुपारी नंदकिशोरने घरातली सगळी घड्याळं उतरवून हॉलमधल्या सतरंजीवर ओळीने मांडली, तेव्हा जयमालाचे दोन्ही हात मोदकाच्या सारणात होते. नाहीतर तिने दिराला तिथल्या तिथे थांबवलं असतं.

"वहिनी, बाहेर या, गंमत बघा," तो ओरडला. "फोनवरची बाई सांगते तीन वाजून दहा मिनिटं. आणि आपल्याकडे? हॉलमधलं, तीनला पाच कमी. किचनमधलं, तीन वीस. आबांचं गजराचं, तीन चाळीस. एका घरात तीन गावं वसलीत!"

टेलिफोन खात्यात नोकरी लागल्यापासून त्याला ही नवी हौस जडली होती. वेळ सांगणाऱ्या बाईला फोन लावायचा आणि मनगटावरचं घड्याळ मिळवून घ्यायचं. नेरूळच्या या घरात फोन येऊन दोनच महिने झाले होते.

"राहू द्या हो भाऊजी. किचनमधलं मीच पुढे ठेवलंय. नाहीतर राजनंदिनीची शाळेची रिक्षा चुकते."

"आणि आबांचं? रिटायर होऊन सहा वर्षं झाली. आता कुठल्या ट्रकला खांदा द्यायचाय?"

जयमाला आतूनच हसली. सासऱ्यांनी कांदा-बटाटा मार्केटात उभं आयुष्य गोण्या वाहिल्या. पहिली गाडी लागायच्या आत गेटवर असायचं, म्हणून त्यांचं गजराचं घड्याळ अर्धा तास पुढे. पुढे आहे हे त्यांना ठाऊक असायचं, मनातल्या मनात ते वजाबाकीही करायचे, आणि तरीही घाई घाईच राहायची. हॉलमधलं लंबकाचं घड्याळ त्यांच्यासोबतच्या हमालांच्या टोळीने निरोपाला दिलेलं. ते पहिल्या दिवसापासून मागे पडायचं. टोळीने दिलेल्या वस्तूत खोट काढायची नाही, म्हणून कुणी दुरुस्तीला नेलं नाही. पाहुण्याने किती वाजले विचारलं, की या घरात आधी उलटा प्रश्न यायचा, "कुठलं बघून सांगू?"

"आणि हे तर सगळ्यांच्या वर," नंदकिशोर म्हणाला. "चक्क चार वाजले म्हणतंय. पन्नास मिनिटं पुढे! देवाजवळ राहून ही अवस्था."

जयमालाचा हात सारणात थांबला. ती तशीच बाहेर आली. दिराच्या हातात देवघरातलं हिरवं टेबल-घड्याळ होतं आणि त्याचा अंगठा मागच्या फिरकीवर होता.

"किती म्हणालात?"

"पन्नास."

"पंधरा असतील."

"पंधरा कुठले, पन्नास. आता मिळवलंसुद्धा. घ्या, उद्यापनाच्या दिवशी तरी घरात एकमत!"

पन्नास. जयमाला खाली बसली. हाताला खोबरं आणि गूळ लागला होता, त्यामुळे तोंडावर हात ठेवता येईना.

पंधरा मिनिटं तिची होती. तिला पक्कं आठवत होतं.

पाच वर्षांपूर्वी गोदामात गोण्यांची थप्पी तिच्या नवऱ्याच्या, मानसिंगच्या अंगावर कोसळली. डॉक्टर म्हणाले, पाय राहतील, पण चालण्याचं सांगता येत नाही. त्या रात्री सासूबाईंनी हॉस्पिटलच्या जिन्यातल्या गणपतीच्या तसबिरीपुढे पदर पसरला. माझा लेक चालू दे, पाच वर्षं मी तुझी संकष्टी निर्जळी धरीन, चंद्रोदय झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेणार नाही. मानसिंग आठ महिन्यांनी काठीशिवाय चालला. जरा फेंगडा, पण चालला. आणि पुढच्याच वर्षी सत्यभामाबाईंना साखर निघाली. डॉक्टरीणबाई रागावल्या, जयमालाने पाया पडून सांगितलं, कुणाचं काही चाललं नाही. "देवाशी बोललेलं गं ते," एवढंच त्या म्हणायच्या, आणि त्यांच्या मऊ आवाजापुढे मोठ्याने बोलायची सोय नसायची.

चंद्र या घरातून कधी दिसलाच नाही. पूर्वेला समोरची सात मजली सोसायटी. म्हणून कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ आणि देवघरातलं हे घड्याळ, यावरच सासूबाईंचा उपास सुटायचा. एकदा श्रावणातल्या संकष्टीला त्या बाथरूमच्या दारात कोसळल्या. पुढच्या महिन्यात जयमालाने देवाला हात जोडले आणि फिरकी पंधरा मिनिटं पुढे केली. ज्या घरात तीन घड्याळं तीन वेळा सांगतात, तिथे चौथं खोटं बोललं तर कुणाला कळणार होतं?

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "होतं तसं करून ठेवा."

"का?"

तिने सांगितलं. सांगताना तिची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

नंदकिशोर आधी हसला. मग त्याच्या लक्षात आलं. "म्हणजे आईने चंद्र उगवायच्या आधीच... वहिनी, अहो उद्यापन आहे आज! सकाळी गुरुजी होम करून गेले. आत्तीने सातारभर सांगितलंय, माझ्या भावजयीचा नेम मोडला नाही म्हणून."

"म्हणूनच म्हणते. आजच्या दिवस राहू द्या. सकाळपासून घसा कोरडा आहे त्यांचा. आज पन्नास मिनिटं जास्त कसं काढतील?"

"पण तुम्ही पंधराच केली ना? मग पस्तीस कुणाची?"

याचं उत्तर दारातून आलं. मानसिंग दुर्वांची जुडी आणि केळीची पानं घेऊन उभा होता. त्याने ऐकलं होतं, हे त्याच्या कानांच्या पाळ्यांवरून कळत होतं. लहानपणापासून त्याला लाज वाटली की पाळ्या लाल व्हायच्या.

"त्यातली दहा माझी," तो म्हणाला.

"तुम्ही?" जयमाला उठून उभी राहिली. "मला एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तू बोललीस?"

"अरे दादा," नंदकिशोर म्हणाला, "नवस तुझ्या पायांसाठी होता!"

"म्हणून तर. माझ्या पायांपायी ती तिथे भिंतीला धरून बसायची आणि मी इथे टीव्हीपुढे. तू हॉस्टेलला होतास. तुला काय टेन्शन?"

"मग आता सांगून टाका आईला. नाहीतर मी सांगतो."

"नंद्या, तोंड उघडलंस तर बघ."

"धमकी कशाला देतो? खोटं तुम्ही केलं आणि घड्याळ नीट करणारा मी वाईट? या घरात नेहमी हेच. धाकट्याला कळवायचं नाही, आणि कळलं की त्याचंच चुकलं."

जयमालाने मध्ये हात घातला. "हळू बोला. मामा गॅलरीत आहेत."

सासरे सयाजीराव गॅलरीतच होते. खुर्ची ओढून ऊन खात बसले होते आणि एकेक शब्द ऐकत होते. सुनेने 'पंधरा' म्हटलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. लेकाने 'दहा' म्हटलं तेव्हा त्यांना खोकला आला आणि त्यांनी तो गिळला.

घड्याळ पुढे करण्याची कला या घरात त्यांनीच आणली होती. सगळ्यात आधीची पंधरा त्यांची. साखर निघाली त्याच महिन्यात. बायको देवळात गेली होती आणि ते एकटेच घरी होते. शंभर किलोची गोणी पाठीवर घेताना हात कधी कापला नाही, पण देवघरातल्या त्या एवढ्याशा फिरकीला हात लावताना कापला. मूर्तीसमोर लावायची हिंमत नव्हती, म्हणून घड्याळ खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळून इथे गॅलरीत आणलं, पुढे केलं आणि परत नेऊन ठेवलं. गणरायाला दिसलं नसेल का? त्याला सगळंच दिसतं. पण देव चुगली करत नाही, एवढ्या भरवशावर त्यांनी चार वर्षं काढली होती.

आता आत जाऊन 'माझीपण पंधरा' म्हणायला हवं होतं. मुलं भांडत होती, सून रडवेली झाली होती. एक शब्द टाकला असता तर तिघांच्या पाठीवरचं ओझं हललं असतं. ते उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "विड्याची पानं राहिलीत. घेऊन येतो."

"मामा, पानं आणलीत सकाळी," जयमाला म्हणाली.

"कमी पडतील," असं म्हणून ते जिना उतरले. खाली कोपऱ्यावर त्यांना सत्यभामाबाई आणि गोजराआक्का देवळातून येताना दिसल्या, तेव्हा ते रसवंतीच्या आडोशाला उभे राहिले. सख्ख्या बायकोपासून आणि थोरल्या बहिणीपासून लपायची ही वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

आणि घरात, फिरकी मागे फिरवावी की नाही याचा निकाल लागायच्या आत बेल वाजली. नंदकिशोरने घाईघाईने हिरवं घड्याळ देवघरात ठेवलं. फोनवरच्या बाईने सांगितलेल्या खऱ्या वेळेसकट.

*

संध्याकाळी दिवेलागणीनंतर सत्यभामाबाई पाटावर बसल्या. हे दोन तास त्यांना सगळ्यात प्रिय. पोटातली आग विझून गेलेली असते, अंग हलकं होतं आणि अथर्वशीर्षाचा एकेक शब्द स्वच्छ ऐकू येतो. आज होमाच्या धुराचा वासही अजून घरात होता. मात्र आज जीभ टाळूला चिकटत होती आणि समोरच्या एका समईच्या दोन दिसत होत्या.

शेजारी भिंतीला टेकून गोजराआक्का बसल्या होत्या. नणंदेचं वय पंच्याहत्तरीच्या पुढे, पण जिभेला वय नव्हतं.

"भामे, तुझी सून सकाळपास्नं माझ्याकडं बघंना झाली. मी आल्यालं आवडलं न्हाई का तिला?"

"तसं नाही वन्सं. दमलीय ती. मोदक, पुरण, सगळं एकटीने."

"आनि तुझा थोरला? त्योबी मांजरावानी भिताडाकडनं हिंडतोय. आनि आमचा सयाजी पानं आनाया गेला त्यो पानमळा लावूनच येतोय जनू. हाय काय आज ह्या घरात?"

"काही नाही हो. उद्यापन म्हणून गडबड."

जयमाला स्वयंपाकघरात मोदक तळत होती. दर थोड्या वेळाने ती दारात येऊन सासूच्या चेहऱ्याकडे बघून जात होती. कपाळावर घाम दिसतोय का, ओठ थरथरतात का. मानसिंग तिच्यामागे येऊन कुजबुजला, "पुढे करू का? ती जप करताना डोळे मिटते तेव्हा."

"खबरदार," ती म्हणाली. आणि मग लगेच, "कराल का?"

तो गेला नाही. पायच उचलला नाही त्याचा. नवस फेडायच्या दिवशी ते पाय त्याला दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते.

तेवढ्यात लांब कारखान्यांच्या बाजूला भोंगा झाला.

हा भोंगा म्हणजे घरातली जुनी थट्टा होती. रात्रपाळीचा भोंगा आठला व्हायला हवा. पण सत्यभामाबाईंच्या घड्याळात तो आधी सव्वाआठला, मग साडेआठला आणि अलीकडे तर नऊला दहा कमी असताना व्हायचा. "दिवसेंदिवस ढिला पडत चाललाय तो भोंगा," त्या म्हणायच्या आणि सगळे जरा जास्तच हसायचे. आताशा संकष्टीला तोच त्यांची खूण झाला होता. भोंगा झाला, आता चंद्र आला.

सवयीने त्यांचा हात अर्घ्याच्या तांब्याकडे गेला. सवयीनेच त्यांनी घड्याळाकडे बघितलं.

आठ.

त्यांचा हात तांब्यावरच राहिला. मग त्यांनी तो हळूच मांडीवर घेतला. कितीतरी वेळ त्या त्या काट्यांकडे बघत होत्या. मूर्तीकडे मात्र बघत नव्हत्या.

"भोंगा वेळेवर झाला आज," गोजराआक्का म्हणाल्या. "तू तर म्हनायचीस, लई ढिला."

"नंदू," सत्यभामाबाईंनी हाक मारली. आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "घड्याळाला हात कुणी लावला?"

नंदकिशोर दारात आला. "मी, आई. नीट केलं. सगळीच केली, हे एकटंच नाही."

"किती पुढे होतं?"

त्याने आतल्या बाजूला पाहिलं. स्वयंपाकघरात तळणीचा आवाज बंद झाला. जयमाला पदराला हात पुसत आली आणि सासूच्या पायांशी बसली. "पंधरा मिनिटं, आई. मी केलं होतं."

"पंधरा नाही गं." त्या तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "भोंगा माझ्या घड्याळात नऊला दहा कमी असताना व्हायचा. आज आठला झाला."

"पंधरा माझी. या गणपतीची शपथ. तुम्ही बाथरूमच्या दारात पडलात ना, तेव्हा... मला दुसरं काही सुचलं नाही."

"शपथ नको घालू. बाकीची कुणाची?"

मानसिंग पुढे आला. "दहा माझी. आई, मला तुला बघवत नव्हतं."

"आरं देवा!" गोजराआक्कांनी कपाळावर हात मारला. "नवस हिनं केला, पाय ह्येचं, आनि घड्याळ फिरीवलं बायकोनं अन् ह्येनं! सातारभर मी तोंड वर करून सांगत सुटलीया, आमच्या भामीचा नेम म्हंजी नेम. आता कोनत्या तोंडानं सांगू, की त्यो घड्याळाचा नेम हुता म्हनून?"

"आक्का, गप ऱ्हा." दारात सयाजीराव उभे होते. हातात विड्याच्या पानांचा दुसरा पुडा होता. चपला काढायचं ते विसरले होते. "पोरांना बोलू नगं. पयली पंधरा माजी. माजं बघून घर शिकलं."

"तुमची?" जयमालाने चमकून वर बघितलं. दुपारी तिला वाटलं होतं, उरलेला सगळा डोंगर आपल्यावरच कोसळणार. आता त्यात सासरेही निघाले, तरी तिला हलकं वाटेना. उलट जास्तच शरम वाटली. एका छपराखाली, एका माणसासाठी, तिघांनी तिघांपासून चोरून तेच केलं होतं.

"मला एकाने तरी विचारायचं," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?" जयमाला म्हणाली.

"नसतं ऐकलं."

नऊनंतर शेजारपाजारची माणसं प्रसादाला येणार होती. बाहेर पानं मांडायची होती. कुणाला त्याची आठवण राहिली नाही.

सत्यभामाबाईंनी घड्याळ उचलून पाटावर, देवापुढे ठेवलं. पाठ बाहेरच्या बाजूला, फिरकी दिसेल अशी. "ज्याने जेवढं फिरवलं तेवढं त्याने आता फिरवून दाखवावं. चोरून केलंत ना? आता त्याच्यासमोर करा."

"आई, असं नको गं," मानसिंग म्हणाला.

"हे पहिले."

सयाजीराव चपला काढून आले. गुडघे मोडून बसताना त्यांना वेळ लागला. बायकोकडे त्यांनी बघितलं नाही. जाड, भेगाळलेल्या बोटांत फिरकी मावेना, दोनदा निसटली. काटा पंधरा मिनिटं पुढे आला तशी त्यांनी घड्याळाला हात लावून तो कपाळाला लावला आणि तिथेच बाजूला बसून राहिले.

मग जयमाला. तिला डोळ्यांतल्या पाण्यामुळे काटा दिसत नव्हता. नंदकिशोर मागून म्हणाला, "बस, वहिनी. झाली पंधरा." दुपारचा धार असलेला आवाज आता त्याच्यात नव्हता.

मग मानसिंग. तो उभ्यानेच वाकला. दुखावलेला पाय दुमडत नव्हता.

फिरकीची करकर थांबली.

"चाळीस झाली," नंदकिशोर म्हणाला. बोलून गेल्यावर त्याला जीभ चावावीशी वाटली.

चाळीस. सगळ्यांनी सगळ्यांकडे बघितलं. अजून दहा मिनिटं कुणाच्याच नावावर नव्हती.

"मी न्हवं गं बाई!" गोजराआक्का भिंतीपासून सरकल्या. "मी तर साताऱ्यात. माझा हात काय एवढा लांब हाय?"

एरवी हसले असते सगळे.

सयाजीराव खाकरले. एकदा बायकोकडे बघितलं आणि त्यांना काय दिसलं कोण जाणे, ते पटकन म्हणाले, "पळालं आसंल त्ये. जुनं घड्याळ. महिन्याला थोडं थोडं पुढं पळतंच. व्हय का न्हाई रं नंदू?"

"हो, हो," नंदकिशोर म्हणाला. "स्प्रिंगचं घड्याळ, पळतंच."

"हे घड्याळ पळत नाही," सत्यभामाबाई म्हणाल्या.

त्यांनी पदर खांद्यावरून सारखा केला. हात पुढे केला. गोऱ्या मनगटावरच्या काचेच्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकल्या आणि त्यांच्या बोटांनी फिरकी पकडली. ना शोधावी लागली, ना निसटली. काटा हळूहळू पुढे आला. दहा मिनिटं. नेमकी.



"दुसऱ्या वर्षीच्या मार्गशीर्षात," त्या म्हणाल्या. "घरात कुणी नव्हतं. डोळ्यांपुढे अंधारी आली. वाटलं, आपण इथे पडलो तर लेक कामावरून येऊन बघेल, माझ्या पायांपायी आई गेली म्हणेल. तसं वाटलं, हे मी मागाहून मनाला सांगितलं. खरं म्हणजे तहान लागली होती." त्या थांबल्या. "दुसऱ्या दिवशी काटा मागे करणार होते. पण मागे केला असता तर पुढे केला होता हे कबूल करावं लागलं असतं. कुणी नसतानासुद्धा ते जमलं नाही मला. तो भोंगा मला दर महिन्याला सांगत होता. मी त्यालाच नावं ठेवली."

जयमालाने त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. सासूने हात ठेवला, पण कुरवाळला नाही. नुसता ठेवला.

"तुमच्यावर रागावू कुठल्या तोंडाने? मी रागावायला बसले होते खरी. त्या दहाच्या आडोशाला तुमची चाळीस लपून राहिली. मी गप्प बसले म्हणून तुम्हा तिघांना फावलं."

गोजराआक्कांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला आणि जमिनीकडे बघत बसल्या.

"नंदू, त्या बाईला फोन लाव. मिळवून घे परत."

तो हॉलमध्ये गेला. घर इतकं गप्प होतं की रिसिव्हरमधला बाईचा चिरका, निर्विकार आवाज देवघरापर्यंत आला. आठ वाजून एकवीस मिनिटं. त्याने येऊन काटे मागे घेतले. चंद्राला अजून अर्ध्या तासाच्या वर वेळ होता.

"लोकं येतील त्यांना नीट वाढा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "उद्यापन म्हणू नका. संकष्टीचा प्रसाद म्हणा. वन्सं, सातारकरांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी काही सांगू नका म्हणणार नाही." एवढं बोलून त्यांनी पाटाची कड धरली. बोटांची नखं पांढरी पडली होती.

"आई!" मानसिंग पुढे झाला.

"पडत नाही मी. जयमाला, कपभर दूध आण. साखर नको."

जयमालाला आपण चुकीचं ऐकलं असं वाटलं. "आई, अजून चंद्र..."

"माहिती आहे मला. त्यालाही माहिती असू दे." त्यांनी मूर्तीकडे पाहिलं. आठ वाजल्यापासून पहिल्यांदाच.

जयमाला दूध घेऊन आली. पाटावर निरांजन, तांब्या, दुर्वा, सगळी दाटी. कप ठेवायला जागा करावी म्हणून तिने हिरवं घड्याळ उचलायला हात पुढे केला.

"घड्याळाला हात लावू नको," सत्यभामाबाई म्हणाल्या.

त्यांनी कप तिच्या हातातूनच घेतला. देवाकडे पाठ फिरवली नाही, पदराआड धरला नाही. नवऱ्याच्या, मुलांच्या, सुनेच्या आणि नणंदेच्या देखत, चंद्र उगवायच्या आधी, त्या घोटाघोटाने दूध प्यायल्या.

मग रिकामा कप खाली ठेवून, तांब्या जवळ ओढून, त्या चंद्राची वाट बघत बसल्या.